चार बोटं लांब बाही

जीपगाडी ढकलून बाहेर काढली आणि गॅरेजच्या अंधारातून कसरीची पाखरं उठली. राखाडी, नखाएवढी. मंजुळाबाईच्या कपाळावर बसली, पापण्यांवर बसली. चिरडली की बोटाला नुसती भुकटी लागायची.

"पावडर मारून झाली, निंबाचा धूर करून झाला," कौशल्याबाई दारातूनच म्हणाल्या. नाकाला पदर लावलेला. "आता घरात शिरली मेली. ह्यांच्या लग्नातल्या कोटाले पाठीवर बोट जाईल एवढं भोक. मंजुळे, वरवर झाडू नको. कुठून निघून राह्यली ते पाह्य."

"हाव बाई."

अर्जुनरावांच्या घरचं धुणंभांडं, सारवण मंजुळाबाईकडे बारा वर्षं होतं. पण गॅरेजमध्ये शिरायची वेळ कधी आली नव्हती. तिने खराट्याने टिनांवरची जाळी पाडली. जुने टायर लोटत बाहेर नेले. त्यांच्यामागे चार पोती निघाली, तोंडं सुतळीने शिवलेली. एकाची शिवण उसवली तर आतून पाखरांचा लोटच आला. तो जरा ओसरल्यावर तिने हात घातला.

हाताला लोकर लागली.

जळगाव जामोदच्या उन्हात लोकर कोणाच्या घरी असणार? गावात ती एकदाच आली होती, चीनच्या लढाईच्या साली. अर्जुनरावांनी मारुतीच्या पारावर बायका जमवल्या, हिरवट खाकी लोकरीचे गुंडे वाटले. सुया नव्हत्या, सायकलच्या तारा दगडावर घासून केल्या. शिकवायला मास्तरीण आली होती. हा स्वेटर जवानाच्या अंगावर जाणार आहे, असं ती रोज सांगायची. मंजुळाबाईचा मुलगा निवृत्ती तेव्हा तिकडेच होता, लडाखात. तिने त्याच्याच मापाने विणला.

पोत्यातून एक स्वेटर काढला, तो हातातच विरला. दुसरा काढला. तिसऱ्याच्या बाह्या तिने मांडीवर एकमेकींना लावून पाहिल्या.

डावी चार बोटं लांब होती.

"उसव आणि नीट कर," मास्तरीण म्हणाली होती. पण दुसऱ्याच दिवशी स्वेटर गोळा करायचे होते. "राहू द्या बाई," मंजुळाबाई म्हणाली होती, "तेवढीच बोटं झाकतीन त्याची."

निवृत्तीचं पत्र आलं की पोस्टमास्तर वाचून दाखवायचे. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं होतं, 'आई, तुहा सैटर काही पोचला नाही. दुसऱ्या कोणाले भेटला असन. त्याची माय कुठं विणते? बरंच झालं.' त्यानंतर जे आलं ते सरकारी होतं. बर्फाचा कडा कोसळला होता.

तेव्हापासून दीड वर्षं, भाकरी थापताना, धुणं आपटताना, मंजुळाबाई त्या दुसऱ्या कोणाला पाहत आली होती. त्याला चेहरा नव्हता. अंगात सैटर होता, आणि डाव्या हाताची बोटं झाकलेली होती.

मांडीवरच्या सैटरची छातीच्या जागी चाळण झाली होती.

कौशल्याबाई आत आल्या. पोत्याकडे पाहून थबकल्या.

"हे इथंच हाये?" मंजुळाबाईने विचारलं.

"मोठ्या पाहुण्यांच्या हातून रवाना करायचे होते. फोटो निघणार होता. दोनदा मांडव घातला, दोनदा पाहुणे आलेच नाहीत." त्यांनी पदर पुन्हा नाकाला लावला. "मंग राह्यलं ते. कोणाच्या ध्यानातच नाही आलं."

मंजुळाबाईने मांडीवरच्या सैटरची घडी घातली.

"जाळून टाक. कसर लागलेलं घरात नको. अन् गावात बोलू नको वो मंजुळे, ह्यांचं नाव जाईन." त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "तुह्यासाठी चहा ठेवते."

रडू येतं का म्हणून मंजुळाबाई थोडी थांबली. आलं नाही. मग तिने पोती ओढायला घेतली.

मागच्या काट्याच्या कुंपणाशी तिने कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचा जाळ केला. लोकर भडकत नव्हती, आतल्या आत काळी होत होती. धूर जमिनीलगत पसरला. तीन पोती गेली, चौथं अर्धं झालं. मग तिने आपला सैटर टाकला. अर्धवट जळालेली पाखरं काठावर येऊन फडफडत होती.

"मंजुळाबाई, काय जाळून राह्यली वो? केस जळल्यावानी वास सुटला गावभर."

आवाज गोजरबाईचा होता. कुंपणावरून तिच्या डोक्यावरचा हंडा तेवढा दिसत होता. पारावर ती मंजुळाबाईच्या शेजारी बसून विणायची. तिला पोरबाळ नव्हतं. सैटर दिल्यानंतरच्या दिवाळीला तिने एक पणती जास्त लावली होती, 'माह्या शिपायाची' म्हणून.

"पाखरं," मंजुळाबाई म्हणाली.

"एवढी?"

"हाव. लई झाली होती."

"जाळ माय, जाळ. ठेवू नको." हंडा दोन पावलं गेला आणि थांबला. "काऊन वो, आपल्या सैटराईले तिकडं कसर नसन ना लागत? माहा तं एवढा ढगळा झाला होता, कोण्या सरदारजीलेच बसला असन. चांगली पाच-सहा वर्षं चालला पाह्यजे त्याले."

"चालते."

"नाही, पाखरू लागलं म्हंजे..."

"बर्फात पाखरू कुठून येईन?"

"हेही खरंच हाये म्हना," गोजरबाई हसली. हंडा डुलत डुलत विहिरीकडे निघाला.

जाळाबाहेर एक बाही राहिली होती. डावी. मंजुळाबाईने काडीने ती आत सारली.