पाचवी मंजुरी

दोन हजार माणसं मावणाऱ्या चर्चमध्ये इनासकाकांच्या अंत्यविधीला जेमतेम तीस जण होते. मिस्साची प्रार्थना संपताच चर्च समितीचे सेक्रेटरी तुस्कानो ब्रिजेटवर डाफरले. “तुझ्या वेबसाइटवर निधनाची बातमीच नाही. लोकांना कळणार कसं?”

ब्रिजेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चर्चच्या वेबसाइटची यंत्रणा बांधताना ती कानीकपाळी ओरडत होती, बातमीला एकाची मंजुरी पुरे. पण समितीच्या पाचही जणांच्या मंजुरीशिवाय एक अक्षर झळकता कामा नये, हा हट्ट यांचाच.

तिने मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. बातमीखाली चार नावांपुढे हिरवी खूण होती. पाचवं नाव इनासकाकांचं होतं, मंजुरी बाकी.

“जा, घ्या त्यांची मंजुरी,” ती म्हणाली. “शवपेटी अजून उघडीच आहे.”