मनगटाची दोरी

मेकॅनिकने होडीच्या मोटरचं टायमिंग दोनदा तपासलं, एकेक सेन्सर पाहिला. पिंपातल्या पाण्यात मोटर अगदी शहाण्यासारखी चालत होती.

"इथे चालणारच हो," समुद्रात बुडून मेलेल्या होडीवाल्याचा धाकटा भाऊ म्हणाला. "समुद्रात नेली की एकाच जागी बंद पडते. दादा जिथे पडला, तिथे. रोज."

"योगायोग असेल," म्हणत मेकॅनिकने लॅपटॉप जोडला. सहा दिवसांत सहा वेळा एकच नोंद होती: दोरी सुटली. चालवणारा पाण्यात पडला, की मनगटाला बांधलेली दोरी स्विचमधून सुटते आणि मोटर जागच्या जागी थांबते.

मेकॅनिकने घाईघाईने झाकण काढलं. त्या स्विचची वायर कापलेलीच होती; दोरी सुटली तरी मोटर थांबणं शक्यच नव्हतं. गेल्या दुरुस्तीत त्यानेच ती कापली होती. "सारखी बंद पडते, कटकट मिटव एकदाची," असं दादाच म्हणाला होता.

"सापडलं काही?"

मेकॅनिकने झाकण पुन्हा लावून टाकलं.

"आता रोज थांबते बघा," भाऊ मोटरवर हात ठेवत म्हणाला. "त्या दिवशी थांबली असती, तर पोहत येऊन धरली असती त्याने होडी."