न विचारता

जर्मनच्या ऑनलाइन वर्गात बाई ‘करण्यासाठी’, ‘करण्याऐवजी’, ‘न करता’ अशा रचना शिकवत होत्या. नर्स असलेल्या प्रणोतीने धीर करून जर्मनमध्ये एक वाक्य म्हटलं. बाईंनी सगळ्यांसाठी त्याचं मराठी केलं, “नवऱ्याला न विचारता मी जर्मनीला जाणार आहे. अगदी बरोबर.”

शेजारी जेवत बसलेल्या नवऱ्याला जर्मन येत नव्हतं, पण स्पीकरवरचं मराठी कळलं. त्याने केस धरून तिचं तोंड टेबलावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली.

“मग भाकऱ्या कोण थापणार?” म्हणत त्याने पुन्हा हात उगारला. तिने त्याचं मनगट धरून पिरगाळलं; बेभान रुग्णांना आवरून तिचे हात तयार झाले होते. तो गुडघ्यांवर आला.

“पोलिसांना बोलावू का?” बाईंनी स्क्रीनवरून घाबरून विचारलं.

“बोलवा,” प्रणोती म्हणाली. “तोवर मी याला धरून ठेवते.”