पासवर्डचं ध्रुपद

वालचंदनगरच्या क्वार्टरमधला श्रीरंग इंटरनेटवर साऱ्या जगाशी भांडायचा. विंडोज भारी की लिनक्स, यावरून परमुलखातली माणसं त्याला रोज डिवचायची. शेवटी त्यानं लिहून टाकलं, "माझ्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणी ओळखला, तर मी पुन्हा इथं तोंड उघडणार नाही."

'झुकमिट सत्तावीस', असा तो बिनअर्थाचा पासवर्ड. श्रीरंगनं तो कुणाजवळ उच्चारलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन नरसिंहपूरला कीर्तनाला गेला. दुपारचं ऊन नद्यांच्या संगमावर पेंगत होतं. बुवांचा आवाज दुधावरच्या सायीसारखा मंडपभर पसरला होता. बुवा क्षणभर थांबले आणि मागच्या टाळकऱ्यांनी ध्रुपद धरलं, "झुकमिट सत्तावीस, झुकमिट सत्तावीस..."

श्रीरंगनं आईचा पदर ओढला. "आई, हे काय म्हणत्यात गं?"

"नेहमीचंच की रं," तुळसाबाई डोळे मिटून डोलत म्हणाल्या. "टाळी वाजव. दगडासारखा काय बसलायस?"

आता घरी पोचताच पासवर्ड बदलायला हवा, म्हणून त्यानं घाबरून मनातल्या मनात नवा शब्द जुळवला.

बुवांनी हात वर केला. टाळ थांबले. श्रीरंगकडे बघून बुवा मायेनं हसले आणि त्यांनी तोच नवा शब्द आळवायला घेतला.