अकोल्याची हार

तालमीत आज निवाडा होता. भिंतीला टेकून बसलेली वीस-पंचवीस माणसे हौद्यातल्या तांबड्या मातीकडे अशी पाहत होती, जणू ती आपण होऊन साक्ष देणार होती. शालिकराम काठावर उभा होता. पातूरच्या या तालमीत तो नवव्या वर्षापासून घाम गाळत आला होता. अंगात सदरा ठेवून तिथे उभे राहण्याची वेळ मात्र आज प्रथमच आली होती.

वस्ताद खुशालराव पुढे झाले. कुस्ती विकली असे आज ठरले, तर शालिकरामाने पुन्हा या मातीत पाय ठेवायचा नाही, असे त्यांनी सांगितले.

गोष्ट साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक होती. मार्गशीर्षात, अकोटच्या जत्रेत, शालिकरामाने शेंदूरजनाघाटच्या पुंजारामाला ढाकेचा डाव लावून चार मिनिटांत चीत केले. सात वर्षे पाठ न लागलेला मल्ल तो. पातूरकरांनी शालिकरामाला खांद्यावरून गावात आणले. आणि माघात, अकोल्याच्या कुस्त्यांच्या दंगलीत, त्याच पुंजारामाने त्याला दुसऱ्याच मिनिटाला आभाळ दाखवले. लोकांचा हिशेब सरळ होता. काल ज्याने डोंगर हलवला तो आज हरतो, म्हणजे विकला गेला.

अमरावतीच्या एका साप्ताहिकाने ही बातमी पहिल्या पानावर घेतली. त्या अंकात बिहारचा भूकंप दुसऱ्या पानावर गेला. मोटार-अड्ड्यावर, कापसाच्या गाड्यांवर लोक मेलेल्यांसाठी हळहळत होते, पण भांडत होते ते शालिकरामावरून. त्याच्या घरची फुलबाग होती. आई माणिकबाई रोज झेंडू-शेवंतीची टोपली घेऊन बाजारात बसे. गेले तीन आठवडे ती भरली टोपली तशीच परत आणत होती. विकल्या हातची फुले देवाला चालत नाहीत, असे एका गिऱ्हाइकाने तिच्या तोंडावर म्हटले होते.

या दिवसांत शालिकरामाला आधार होता तो वडिलांचा. नत्थुजी हा ताठ माणूस. तहसीलदारापुढेही त्यांचे पागोटे कधी वाकले नव्हते. अकोल्याच्या कुस्तीला पुंजारामाचीच साक्ष काढावी, असे खुशालरावांनी सुचवले, तेव्हा ते उसळले होते.

"परगावच्या मानसानं येऊन आमच्या घराचं इमान तोलाचं? माह्या पोराले कोनाची साक्ष लागत नाई. मी सांगतो, तेवढं पुरे हाय."

त्या वेळी शालिकरामाची छाती भरून आली होती. तरीही त्याने गुपचूप वस्तादांना गाठले आणि पुंजारामाला पत्र धाडायला लावले. आपले इमान बापाच्या शब्दाआड लपवणे त्याला कमीपणाचे वाटले. बापाचाच ताठा त्याच्या रक्तात होता.

दारात सावली पडली. पुंजाराम आत आला. नत्थुजी अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

"आला पाहा," कोपऱ्यातून कोणी टोमणा मारला. "घेनारा अन् देनारा, दोघंबी एका जागी."

"तू बी ये ना हौद्यात," पुंजाराम शांतपणे म्हणाला. "तुले फुकटात पाडतो."

दोन-चार जण हसले. पुंजाराम मात्र हसला नाही. आपणही काही कमी सोसलेले नाही, असे त्याने सांगितले. शेंदूरजन्यात लोक त्याची जीत खोटी म्हणत होते. संत्र्याच्या बागेत फळ तोडायला गेला तर माणसे पाठीमागे कुजबुजत. आपले नाव धुवायला तो आला होता.

त्या तालमीचा एक रिवाज होता. हौद्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवून मल्ल बोलला, आणि ते खोटे निघाले, तर त्याने जन्मात पुन्हा लंगोट कसायचा नाही. खुशालरावांनी चिमूट पुढे केली. पुंजारामाने ती जिभेवर घेतली, डोळे मिटले, उघडले.

"अकोल्यात आमची कोनतीबी बोली झाली नव्हती. यानं जीव तोडून दम लावला. मी ताकदीनं जिंकलो."

मग सारी तालीम उठली. टोमणा मारणाऱ्यानेच पुढे येऊन शालिकरामाला मिठी मारली. खुशालरावांनी उपरण्याने डोळे पुसले. शालिकरामाच्या अंगातून तीन आठवड्यांचा काळोख उतरला. आपली हार स्वच्छ होती. जिंकल्यावरही कधी वाटला नव्हता एवढा अभिमान त्याला त्या हारीचा वाटला. त्याने सदरा काढून भिरकावला, मातीत उतरला आणि पुंजारामाचे पाय शिवले.

आता त्याच्यात फक्त मल्ल उरला होता, आणि त्या मल्लाला अकोल्यापासून एक कोडे छळत होते.

"दादा, एक सांगा. अकोटले मी ढाक लावली अन् तुमी पडले. अकोल्यात तीच लावली, तं तुमी जागचे हलले नाई. माहं काय चुकलं?"

पुंजारामाने तोंड पुसायला उचललेला हात खाली घेतला.

"तुहं काई चुकलं नाई."

"मंग?"

"माती अजून जिभेवर हाय, शालिक. हे मले इचारू नको." तो खाली पाहत राहिला. "अकोटच्या आदल्या दिशी ज्यानं माह्या पायावर पागोटं ठेवलं, त्याले इचार."

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. भिंतीशी हालचाल झाली. नत्थुजी उठले होते.

"बा," शालिकराम म्हणाला, "तुमी कुठी चालले?"

नत्थुजी माणसांतून वाट काढत दाराबाहेर पडले.