पानोपानी चुकलेलं पुस्तक

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जागा अपुरी पडू लागली, तेव्हा एकाच विषयावरच्या दोन पुस्तकांपैकी एक निवडायला ग्रंथपालबाईंनी निवृत्त विभागप्रमुखांना बोलावलं. एक पुस्तक सरांचंच होतं, दुसरं त्यांच्या दिवंगत सहकाऱ्याचं. दोघांचं उभ्या जन्मात पटलं नव्हतं. सर काय सांगणार हे ठरलेलंच, म्हणून बाईंनी 'बाद'चा शिक्का शाईत बुडवूनही ठेवला होता.

सरांनी दोन्ही पुस्तकं चाळली. "माझं काढा."

"पण सर, त्यांचं पानोपानी चुकलंय, असं तुम्हीच म्हणायचात ना?"

"चुकलंयच. ते वाचून माझं डोकं फिरलं, तेव्हा कुठे मी लिहायला बसलो," सर म्हणाले. "आता दुसऱ्या कुणाचं तरी फिरू दे."