फ्लेक्सवरची रुपाली

बिरूचा मुलगा सिदू, सिदूचा माउली आणि माउलीची रुपाली. चौघांचा आवाज एकाच घडणीचा. एका माळावर उठावा आणि पलीकडच्या माळावरच्या मेंढीने मान वळवावी.

ती रुपाली आज सोलापुरात, राजशेखर सरांच्या इंग्रजी क्लासच्या भिंतीखाली उभी होती. भिंतीवर नवा फ्लेक्स ताणून बांधला होता. त्यावर तिचाच चेहरा, परातीएवढा. खाली लिहिले होते : ‘इंग्रजी परीक्षेत घवघवीत यश! परदेशी विद्यापीठात प्रवेश! आमची विद्यार्थिनी!’ शेजारी सरांचा फोटो होता, त्याहून मोठा.

रुपालीची आजी, गोजाबाई, क्लासच्याच बाकावर चढली. तिच्या हातात लोकर कातरायची कातर होती.

सर धावत बाहेर आले. “अहो आजी, उतरा खाली! हिचा सत्कार ठेवलाय आम्ही. शालसुद्धा आणलीय.”

“शाल तुमीच पांघरा, मास्तर. मेंढरं राखणाऱ्याच्या घरात पांघरुणाला तोटा न्हाय.”

“माझी स्टुडंट आहे ती!”

“व्हती. चार दिस. मग दार दावलंत की.”

ते खरेच होते. सराव परीक्षेत सारी मुले एकाच वेळी, आपापल्या माइकमध्ये बोलत होती. रुपालीचा आवाज प्रत्येकाच्या रेकॉर्डिंगमध्ये शिरला. वर्ग हसला. सरांनी दाराकडे बोट केले आणि म्हणाले, “लोअर युअर व्हॉइस! मेंढरं हाकायची जागा नाही ही.” त्यानंतर तिचे इंग्रजी माळावरच्या मेंढरांनीच ऐकले. पुण्याच्या परीक्षागृहातही सगळे एकदमच बोलत होते. त्या गलक्यात कित्येकांचे शब्द हरवले. हिचा एकही हरवला नाही.

“जाहिरात आहे हो ती,” सर म्हणाले. “सगळेच क्लास लावतात.”

“लावत्यात. आन् ती बघून आमच्या वाडीतल्या दोघा बापांनी मेंढरं विकायला काढल्यात. पोरीस्नी तुमच्याकडं घालायचं म्हणत्यात. उद्या बाजार हाय. तोंडानं सांगितलं तर पटंना त्यास्नी. म्हणत्यात, फोटू खोटं बोलंल व्हय?” गोजाबाईने कातर उघडली. “म्हणून फोटूच न्यायला आलीया. मास्तराशेजारनं कापून आणलेला बघितला, की पटंल त्यास्नी.”

कातर चालू लागली. मेंढीच्या कानाभोवतीची लोकर काढावी, तशी ती रुपालीच्या चेहऱ्याभोवती जपून फिरत होती.

सरांचा तोल सुटला. पोलिसांना बोलावतो म्हणाले, नुकसानभरपाई मागतो म्हणाले. रिक्षा थांबल्या. वरच्या मजल्यावरची मुले खिडक्यांत गोळा झाली. सरांचा आवाज चौकापर्यंत पोहोचला.

“उपकाराची काही जाण आहे की नाही? चार दिवस का होईना, शिकवलंय मी तिला! गुरूचं ऋण असतं म्हणावं!”

चेहरा सुटून गोजाबाईच्या हातात आला. सरांच्या हसऱ्या फोटोशेजारी आता भिंतीचा उडालेला रंग दिसत होता. बाकावरून उतरून तिने तो तुकडा नातीच्या हाती दिला.

“ऐकलंस न्हवं? ऋण हाय म्हणत्यात मास्तर. देऊन टाक. आपल्यात कुणाचं ठेवत न्हाईत.”

रुपालीने तुकड्याची नीट गुंडाळी केली. सर अजून ओरडतच होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्या वर्गातून तिने एकच वाक्य नेले होते. बिरूच्या वंशात आजवर कुणी बोलले नसेल इतक्या हळू आवाजात तिने ते परत केले.

“सर, लोअर युअर व्हॉइस.”